नंबर लागेल हो, पण वयाचं काय?

विजेवर चालणाऱ्या मोटारीचं बुकिंग दोन मिनिटांत होतं. गाडी दारात यायला मात्र कधी दोन, कधी तीन वर्षं लागतात, तर कधी नऊ वर्षांनी गाडीऐवजी अनामतच परत येते. तिशीतल्या ग्राहकासाठी ही वाट पाहणं म्हणजे फार तर वैताग. पण निवृत्तीच्या उंबरठ्यावर नंबर लावणाऱ्याचं काय? त्याचा पगार, त्याचा कर, त्याची नजर आणि त्याचा वाहनपरवाना कंपनीच्या वेळापत्रकासाठी थांबून राहत नाहीत...

३१ मार्च २०१६. गुरुवारची सकाळ. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत टेस्ला कंपनीच्या शोरूमबाहेर माणसांच्या रांगा लागल्या होत्या. कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, तर कुणी आदल्या रात्रीच येऊन मुक्काम ठोकला होता. गंमत म्हणजे, ज्या गाडीसाठी ही झुंबड उडाली होती ती गाडी त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलीच नव्हती! मॉडेल-३ नावाच्या त्या मोटारीवरचा पडदा त्याच रात्री लॉस एंजलिसजवळच्या हॉथॉर्न इथे उघडणार होता. किंमत ३५ हजार डॉलरपासून सुरू होईल आणि गाड्या २०१७ अखेर मिळू लागतील, एवढंच काय ते माहीत होतं. नंबर लावायचा तर एक हजार डॉलर भरा.

लोकांनी ते भरले. कंपनीचे प्रमुख एलॉन मस्क मंचावर आले तोवर बुकिंगचा आकडा १ लाख १५ हजारांवर गेला होता. आठवडाभरात तो सव्वातीन लाखांवर पोहोचला.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला या बातमीत नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. नंबर लावणं म्हणजे काय, हे बजाजची स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं पोस्टमनकडे डोळे लावून बसलेल्यांना कुणी शिकवायला नको. १९८३मध्ये मारुतीचं बुकिंग सुरू झालं तेव्हा प्रत्येकी १० हजार रुपये भरून सव्वा लाखावर लोकांनी नंबर लावले होते. २००९मध्ये टाटांच्या नॅनोसाठी दोन लाखांवर अर्ज आले आणि पहिल्या एक लाख मालकांची निवड चक्क सोडत काढून करावी लागली.

मात्र त्या रांगांत आणि विजेच्या मोटारींच्या रांगेत एक मोठा फरक आहे. स्कूटरसाठी नंबर लावणारा बहुधा ऐन उमेदीतला असायचा. स्कूटर उशिरा आली तरी ती चालवायला पुढे तीस वर्षं पडलेली असायची. विजेच्या मोटारीच्या रांगेत मात्र डोक्यावरचे केस पांढरे झालेली माणसंही बरीच दिसतात.

गाडी तरुण, गिऱ्हाईक प्रौढ!

नवं तंत्रज्ञान म्हणजे तरुणांचा प्रांत, असा एक सर्वसाधारण समज आहे. मोबाइल फोनच्या बाबतीत तो खराही असेल. मोटारीचं गणित वेगळं असतं. अमेरिकेत कोरी गाडी घेणाऱ्या ग्राहकाचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपास असतं. पंचविशीतला तरुण वापरलेली गाडी घेतो, कारण त्याला शिक्षणाचं कर्ज फेडायचं असतं, घराचं भाडं द्यायचं असतं.

विजेच्या गाडीसाठी तर आणखी एक अट असते: रात्री ती चार्ज करायला स्वतःची हक्काची जागा हवी. म्हणजे घर हवं, गॅरेज हवं, निदान भिंतीवर प्लग तरी हवा. ही सगळी जुळवाजुळव होईपर्यंत माणसाची चाळिशी उलटलेली असते. कॅलिफोर्नियात सुरुवातीच्या काळात विजेच्या गाड्या घेणाऱ्यांचा अभ्यास झाला तेव्हा चित्र साधारण असंच दिसलं. मध्यमवयीन, उच्चशिक्षित, वरच्या उत्पन्न गटातले, स्वतःच्या घरात राहणारे आणि बहुतांशी पुरुष!

उतारवयातल्या माणसाला या गाडीचा मोह पडण्याची व्यावहारिक कारणंही आहेत. क्लच नाही, गिअर नाही. त्यामुळे दुखऱ्या गुडघ्याला रहदारीत आराम मिळतो. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की गाडी आपोआप मंदावते. पेट्रोल पंपाची फेरी नाही, ऑइल बदलणं नाही. इंजिनाचा आवाज आणि थरथरही नाही. अपघात टाळण्यासाठी स्वतःहून ब्रेक लावणारी, रस्त्यावरचे पट्टे ओळखणारी यंत्रणा यातल्या अनेक गाड्यांत असते. 'उद्या नजर अधू झाली तर गाडीच आपल्याला घेऊन जाईल,' ही आशाही असतेच. ती आशा अजून पुरी झालेली नाही. टेस्लाच्या ग्राहकांना मिळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेवरही चालकाला सतत लक्ष ठेवावंच लागतं.

दुसरी बाजूही पाहायला हवी. मॉडेल-३मध्ये वेगापासून एसीपर्यंत जवळपास सगळा कारभार मधल्या एकाच १५ इंची पडद्यावर असतो. दाराची मूठ दारातच सपाट बसवलेली. आधी अंगठ्यानं एक टोक दाबायचं, मग दुसरं टोक ओढायचं. संधिवातानं बोटं आखडलेल्या माणसाला ही कसरतच. त्यामुळे गाडी मिळायला दोन वर्षं लागली तर त्या दोन वर्षांत आपली बोटं, मान आणि डोळे कसे असतील, हा प्रश्न सत्तरीच्या ग्राहकासाठी अगदी व्यवहाराचा ठरतो.

रांगेत मधूनच घुसणारे

२८ जुलै २०१७ रोजी फ्रीमाँटच्या कारखान्यात समारंभ करून पहिल्या ३० गाड्यांच्या चाव्या देण्यात आल्या. त्याच वेळी मस्क यांनी बजावून ठेवलं, की पुढचे निदान सहा महिने उत्पादनाच्या नरकातून जावं लागणार आहे. ते शब्दशः खरं ठरलं. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत १,५०० गाड्या तयार करण्याचा बेत होता. बाहेर पडल्या फक्त २६०. पुढच्या तिमाहीत २,४२५. बॅटरी जोडणीच्या कामात अडचणी आल्या, गरजेपेक्षा जास्त यंत्रमानव लावल्याचा घोळ झाला. अखेर कारखान्याच्या आवारात भलामोठा तंबू ठोकून तिथे जोडणीची आणखी एक साखळी उभारावी लागली. २०१७ अखेर आठवड्याला पाच हजार गाड्यांचं जे लक्ष्य होतं ते गाठायला जून २०१८चा शेवटचा आठवडा उजाडला.

उशीर एकवेळ सोसता येतो. लोकांना जास्त झोंबली ती रांगेची रीत. भल्या पहाटे उभं राहून नंबर लावलेल्यांना वाटत होतं, की आपला क्रमांक आधी लागेल. प्रत्यक्षात आधी कंपनीचे कर्मचारी, मग ज्यांच्याकडे टेस्लाची गाडी आधीच होती ते जुने ग्राहक, आणि तेही कारखान्याजवळच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, असा क्रम लागला. शिवाय सुरुवातीला मिळत होती ती ४९ हजार डॉलरची, लांब पल्ल्याची महागडी आवृत्ती. ज्यांनी ३५ हजारांचा आकडा ऐकून पैसे भरले होते त्यांची गाडी विक्रीसाठी खुली झाली २८ फेब्रुवारी २०१९ला. म्हणजे जवळपास तीन वर्षांनी!

या काळात ग्राहकाच्या हातात काय होतं? हजार डॉलरची पावती. करारात स्पष्ट लिहिलं होतं, की ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली जाणार नाही आणि तिच्यावर व्याजही मिळणार नाही. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय नंबर दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. एक दिलासा होता. गाडीचा खरेदी करार होईपर्यंत कधीही बुकिंग रद्द करून पैसे परत घेता येत होते. ऑगस्ट २०१७पर्यंत ६३ हजार जणांनी तसं केलं होतं.

थांबणाऱ्यांचं सगळंच नुकसान झालं असं मात्र नाही. सुरुवातीच्या गाड्यांत पत्रे नीट न जुळणं, फटी राहणं यांसारख्या तक्रारी होत्या. नंतर आलेल्यांना त्यामानानं घोटीव गाडी मिळाली. तिशी-चाळिशीतल्या माणसानं 'उशिरा आली, पण चांगली आली' म्हणावं हे योग्यच.

सवलतीचं उलटं गणित

वय आणि प्रतीक्षा यांची खरी गाठ पडली ती प्राप्तिकराच्या कागदावर.

विजेची नवी मोटार घेणाऱ्याला अमेरिकेचं केंद्र सरकार साडेसात हजार डॉलरपर्यंत करसवलत देत असे. ऐकायला छान. पण त्यात दोन मेखा होत्या. पहिली, ही सवलत रोख हातात मिळत नव्हती. त्या वर्षी तुम्हाला जेवढा कर भरायचा असेल तेवढ्यातूनच ती वजा व्हायची आणि उरलेली पुढच्या वर्षी वापरता येत नसे.

समजा, एका गृहस्थानं वयाच्या ६४व्या वर्षी गाडी बुक केली. तेव्हा पगार चालू होता, कर भरपूर होता. गाडी वेळेत आली असती तर सवलत पुरेपूर पदरात पडली असती. पण दोन वर्षांनी गाडी आली तेव्हा ते निवृत्त झालेले. आता त्यांचा कर भरतो जेमतेम तीन हजार डॉलर. म्हणजे सवलतही तीन हजारांचीच. उरलेल्या साडेचार हजारांवर पाणी! शेजारच्या चाळिशीतल्या भरपगारी इंजिनिअरला मात्र त्याच गाडीवर पूर्ण साडेसात हजार. गरज कुणाला जास्त होती?

दुसरी मेख त्याहून बोचरी होती. एखाद्या कंपनीच्या दोन लाख गाड्या अमेरिकेत विकल्या गेल्या, की त्या कंपनीच्या ग्राहकांची सवलत टप्प्याटप्प्यानं कमी होत जाई. टेस्लानं हा आकडा जुलै २०१८मध्ये गाठला. ३१ डिसेंबर २०१८पर्यंत गाडी ताब्यात आली तर साडेसात हजार. १ जानेवारी २०१९पासून ३,७५०. त्याच वर्षी १ जुलैपासून १,८७५. आणि २०२० उजाडल्यावर शून्य. तारीख पाहिली जायची ती गाडी ताब्यात आल्याची, पैसे भरल्याची नव्हे.

आता हे दोन हिशेब शेजारी ठेवून पाहा. ज्यांना ४९ हजारांची गाडी परवडत होती त्यांना ती आधी मिळाली आणि साडेसात हजारांची सवलतही मिळाली. ३५ हजारांच्या गाडीसाठी जे थांबले त्यांची गाडी आली तोपर्यंत सवलत अर्धी झाली होती. बेताच्या पैशांत म्हातारपणाची सोय करू पाहणारे जास्त थांबले आणि त्यांनाच कमी मिळालं.

या चुका दुरुस्त व्हायला बरीच वर्षं लागली. १ जानेवारी २०२४पासून सवलतीची रक्कम थेट विक्रेत्याकडे वळती करून गाडीच्या किमतीतूनच कापून घेण्याची सोय झाली. त्यामुळे कर थोडा असला तरी निवृत्त माणसाला पूर्ण लाभ मिळू लागला. पुढे, २०२५मध्ये ही सवलत कायमची बंद करायचं ठरलं तेव्हा करखात्यानं स्पष्ट केलं, की ३० सप्टेंबर २०२५पर्यंत पक्का लेखी करार करून पैसे भरले असतील, तर गाडी नंतर आली तरी चालेल. म्हणजे वाट पाहणाऱ्यावर अन्याय न करणारा नियम अखेर आला. पण आला तो सवलतीच्या निरोपाच्या वेळी!

चीनमध्येही २०२५च्या अखेरीस असाच पेच उभा राहिला. तिथे शाओमी कंपनीच्या वायू-७ या गाडीसाठी जून २०२५मध्ये अवघ्या एका तासात २ लाख ८९ हजार बुकिंग झाली. काहींना गाडीसाठी वर्षाहून अधिक थांबावं लागणार, असं दिसू लागलं. इकडे १ जानेवारी २०२६पासून विजेच्या गाड्यांवरची खरेदीकराची पूर्ण माफी अर्ध्यावर येणार होती. कंपनीच्या दिरंगाईचा भुर्दंड ग्राहकानं का सोसावा, हा प्रश्न तिथेही निघाला. तेव्हा शाओमीसह काही कंपन्यांनी वाढीव कराचा भार आपण उचलू, असं जाहीर केलं. मनात आणलं तर हे करता येतं, एवढं त्यावरून सिद्ध झालं.

भारतात नऊ वर्षं

२०१६च्या त्या धामधुमीत मस्क यांनी मॉडेल-३ भारतातही मिळेल, असं जाहीर केलं होतं. त्यावर विश्वास ठेवून इथल्याही काही उत्साही मंडळींनी हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे सहासष्ट-सदुसष्ट हजार रुपये भरले. मग सुरू झाली आयात करावरची घासाघीस. कंपनी म्हणे कर कमी करा, सरकार म्हणे इथे कारखाना काढा. त्यात वर्षांमागून वर्षं गेली.

२०२५मध्ये टेस्ला भारतात येणार हे नक्की झालं तेव्हा जुन्या ग्राहकांना निरोप आले ते अनामत परत करण्याचे. त्यांनी बुक केलेली गाडी त्या रूपात आता बनतच नव्हती. १५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात शोरूम उघडलं. गाडी होती मॉडेल-वाय, किंमत ५९ लाख ८९ हजारांपासून पुढे. पहिली गाडी सप्टेंबरमध्ये घेतली महाराष्ट्राचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी. ती आपल्या नातवासाठी घेतल्याचं त्यांनी सांगितलं.

२०१६मध्ये साठीत असलेला ग्राहक २०२५मध्ये सत्तरीला टेकलेला असतो. या मधल्या काळात आपल्या कायद्यानुसार त्याचा वाहनपरवाना किमान एकदा नूतनीकरणाला आलेला असतो. कारण पंचावन्नच्या पुढे परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. कॅलिफोर्नियातही सत्तरी ओलांडल्यावर परवान्यासाठी स्वतः कार्यालयात जाऊन नजर तपासून घ्यावी लागते.

सुदैवानं भारतात आता टेस्लाच्याच नावानं जप करत बसायची गरज उरलेली नाही. जानेवारी २०२०मध्ये टाटांची विजेवरची नेक्सॉन आली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी महिंद्रच्या दोन विजेच्या गाड्यांसाठी एकाच दिवसात ३०,१७९ बुकिंग झाली आणि महिन्याभरानंतर गाड्या मिळायलाही लागल्या. पण इथेही सर्वांत महागडी आवृत्ती आधी, मार्चमध्ये. सर्वांत स्वस्त आवृत्तीचा मुहूर्त ऑगस्टचा ठरला. नऊ वर्षांपुढे पाच महिने म्हणजे काहीच नाही. पण रांगेची रीत जुनीच!

नंबर लावण्यापूर्वी...

घरातल्या ज्येष्ठांसाठी गाडी घेत असाल, किंवा तुम्ही स्वतःच निवृत्तीला आला असाल, तर पैसे भरण्यापूर्वी एवढं जरूर पाहा:

• अनामत पूर्ण परत मिळते का, किती दिवसांत आणि कोणत्या टप्प्यानंतर मिळत नाही, हे लेखी घ्या. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

• किंमत कोणत्या तारखेची लागणार ते विचारा. टेस्लाच्या सायबरट्रकची २०१९मध्ये जाहीर झालेली सुरुवातीची किंमत होती ३९,९०० डॉलर. २०२३मध्ये गाड्या द्यायला सुरुवात झाली तेव्हा ती ६०,९९० डॉलरवर गेली होती.

• सरकारी सवलत, रस्ताकर माफी यांचा हिशेब नोंदणीच्या तारखेवर असतो की बुकिंगच्या, याची चौकशी परिवहन कार्यालयात करा. सवलत मिळेलच असं धरून कर्जाचा आकडा ठरवू नका.

• कर्ज काढणार असाल तर बँका परतफेडीच्या वेळचं वय पाहतात. दोन वर्षांनी तुम्ही त्या मर्यादेत बसाल का?

• नंबर पती-पत्नी किंवा मुलांच्या नावावर करता येतो का, हे आधीच विचारून ठेवा. विषय नकोसा वाटला तरी विचारा.

• ज्याच्यासाठी गाडी घ्यायची त्यालाच चालवून पाहू द्या. आसनात बसणं-उठणं, दाराची मूठ, पडद्यावरची अक्षरं हे सगळं त्याला जमतं का ते पाहा.

• मधल्या काळात चार्जिंगची सोय करून घ्या. सोसायटीत राहत असाल तर कार्यकारिणीला लेखी पत्र द्या. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घराच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते.

• आणि स्वतःची एक तारीख ठरवा. तोपर्यंत गाडी आली नाही तर पैसे परत घेऊन बाजारात मिळेल ती चांगली गाडी घ्यायची. हा निर्णय आधी झालेला असला, की दर महिन्याची घालमेल वाचते.

पावतीवर नसलेला आकडा

वाट पाहण्याचा वैताग फक्त म्हाताऱ्यांनाच येतो असं नाही. ओपनएआय या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जुलै २०१८मध्ये टेस्लाची रोडस्टर ही स्पोर्ट्स कार बुक केली होती. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. ही गाडी २०२०मध्ये येणार होती. ती आली नाही. २०२५च्या ऑक्टोबर अखेरीस, वयाच्या ४०व्या वर्षी, त्यांनी कंटाळून पैसे परत मागितले आणि त्याची जाहीर वाच्यताही केली. ती सगळ्या जगात बातमी झाली.

ऑल्टमन यांना चाळिशीत दुसरी कोणतीही गाडी घेता येईल आणि पुढची कितीतरी वर्षं ती चालवताही येईल. सत्तरीत रांगेत उभ्या असलेल्याची बातमी होत नाही. गाडी त्याच्यासाठी हौसेपेक्षा जास्त असते. डॉक्टरकडे, बँकेत, लेकीकडे कुणाची मिनतवारी न करता जाता येण्याची ती सोय असते. म्हणून त्याला खोटी तारीख देणं हे तिशीतल्या माणसाला खोटी तारीख देण्यासारखं नसतं.

बुकिंगच्या पावतीवर गाडीचा रंग असतो, मॉडेल असतं, भरलेली रक्कम असते. ग्राहकाचं वय तिथे कुणी लिहीत नाही. तेव्हा नंबर लावताना तो आकडा आपला आपणच मनाशी धरलेला बरा!